रांजणातलं पाणी

सासूने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि प्राण सोडला. व्हियोलांतेने आधी खिडकी लावून घेतली. भिंतीकडे तोंड करून मरायची रीत यहुद्यांची, आणि या घराला ख्रिस्ती होऊन साठ-सत्तर वर्षं लोटली होती. म्हातारीने जन्मभर वठवलेलं सोंग शेवटच्या घटकेला काही तिला जमलं नाही. व्हियोलांतेने तिला उताणं केलं, हातात क्रूस दिला आणि मग कुठे तिला रडू आलं.

"पाण्याचं काय करायचं?" तिच्या नवऱ्याने, पेरोने, हळूच विचारलं.

"पाण्याला हात लावायचा नाही."

"आईला वाटलं असतं..."

"आईला आता काही वाटत नाही. मला वाटते, भीती. रविवारी चर्चमध्ये कान होते ना जागेवर?"

होते. धर्मचौकशीसाठी स्पेनमधल्या या तेरुएल गावात आलेल्या पाद्र्याने लपलेल्या यहुद्यांच्या खुणा घसा ताणून सांगितल्या होत्या. शनिवारी धुतलेला सदरा घालतो तो. डुकराचं मांस टाळतो तो. घरात कुणी मेलं की रांजणातलं पाणी ओतून टाकतो तो. ज्याला दिसेल त्याने येऊन सांगावं, लपवील त्याला स्वर्गाचं दार बंद. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला असंच कुणीतरी सांगितलं म्हणून उचलून नेलं होतं.

पेरो शवपेटीचं बघायला गेला. व्हियोलांतेच्या पायाला भिंगरी लागली. क्रूस सरळ कर, मेणबत्ती लाव, डुकराच्या चरबीत कांदा परत म्हणजे वास गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. या धांदलीत तिने जगाचा विचार केला, फक्त तोदाचा राहिला.

तोदा घरची मोलकरीण. डोंगरातल्या खेड्यातली, पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती. पोरवयात या घरात आली आणि इथेच तिचे केस पिकले. थोरल्या बाईंवर तिचा भारी जीव. महिनाभर त्यांच्या उशाशी बसून होती, चर्चलासुद्धा गेली नव्हती.

शेजारच्या सान्चाकाकू आल्या. हातात मेणबत्ती, नजर मात्र कोनाड्याकोनाड्यातून फिरणारी.

"गेली गं बिचारी! शेवटी काय म्हणाली?"

"येशूचं नाव घेतलं, काकू."

"हो का? नशीबवान. आणि वास काय सुटलाय कांद्याचा! मढं घरात असताना भूक लागते वाटतं तुम्हाला?"

"माणसं येतील ना आता. त्यांच्यासाठी."

तेवढ्यात अंगणातून पाण्याचा घळघळ आवाज आला. दोघींच्या माना एकदमच वळल्या. तोदा भरलेला रांजण तिरपा करून पाणी मोरीत सोडत होती आणि हुंदके देत होती. थोरले मालक गेले तेव्हा थोरल्या बाईंनी तिच्याकडून हेच करवून घेतलं होतं. तिला वाटलं, घरची रीत आहे, बाईंसाठी आपल्या हातून एवढं तरी व्हावं.

"अगं, चांगलं पाणी का ओततेस?" सान्चाकाकूंचा आवाज मधाळ झाला.

तोदाने तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडणार हे व्हियोलांतेला कळलं. तिने धावत जाऊन तोदाच्या खाडकन थोबाडीत मारली. तोदाच्या हातून रांजण निसटला आणि त्याची खापरं झाली.

"फोडलास ना शेवटी! तडा गेलाय, हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं ना? डोळे फुटले का तुझे?"

सान्चाकाकू खापरांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नोकरमाणसं म्हणजे डोक्याला ताप," आणि मेणबत्ती ठेवून निघून गेल्या.

वाचलो, असं व्हियोलांतेला वाटलं. वेडी! तोदाने शाल उचलली होती.

"बाई, तडा नव्हता. आणि या घरात मला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. म्हणजे माझ्या हातून काहीतरी मोठं पाप घडलं. पाद्रीबाबांना विचारून येते."

"काय विचारणार तू?"

"मयताच्या घरातलं पाणी ओतलं तर कसलं पाप लागतं, ते."

व्हियोलांते दार अडवून उभी राहिली. नको जाऊस म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. एखादी थाप सुचावी म्हणून तिने डोकं शिणवलं, पण काही केल्या सुचेना. शेवटी तिने सगळं सांगून टाकलं. थोरल्या बाईंचं यहुदी जन्मनाव ओरोसोल होतं, शनिवारी चूल का पेटत नसे, पाणी का ओततात, सगळं.

"तू बोललीस तर आम्हाला जाळतील, तोदा."

तोदा ऐकता ऐकता जमिनीवर बसली. चिडली नाही, फक्त तिचा चेहरा उतरला.

"मला कशाला सांगितलंत हो? मघापर्यंत मी नुसती मूर्ख होते. आता मला माहीत झालं. ईस्टरच्या आधी पापकबुलीला गुडघे टेकले की काय करू? खोटं बोलले तर नरकात जाईन. खरं बोलले तर तुम्ही..."

व्हियोलांतेला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण शरमेने हात पुढे होईनात. तोदाच्या गालावर तिची बोटं अजून लाल उमटलेली होती.

बाहेर पेरोचा आणि सुताराचा आवाज आला. तोदा गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"ईस्टरपर्यंत मी मुकी," ती म्हणाली. "थोरल्या बाईंना पुरा आणि निघा. पण कुठे जाताय ते मला सांगू नका."