बाईंच्या बाजूचं दार

मिस्त्रींनी श्वास रोखून हात काढून घेतला. दार क्षणभर जागेवर राहिलं आणि मग मागच्या कोपऱ्यानं बोटभर खाली आलं. सकाळपासून अकराव्यांदा.

"याच्या आयला..." म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली, कारण गॅरेजच्या बाकावर बाई बसल्या होत्या, आणि बाई जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या.

"चालू द्या," बाई म्हणाल्या. "आमचे हे तर याहून वाईट बोलायचे या गाडीला."

मिस्त्री पत्र्याचं काम करत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढून काढून स्वतःची पाठ तेवढी वाकली होती. मिस्त्रींच्या हातून वाकडं काम जात नाही, असं लोक म्हणत, आणि लोकांपेक्षा जास्त ते स्वतः म्हणत.

गाडी रोपवाल्यांची होती. रोपवाले म्हणजे बाईंचे यजमान. झाडांची रोपं लादून त्यांनी ही जुनी पिकअप उभं आयुष्य हाकली आणि चार महिन्यांपूर्वी ते गेले. आता लेक शुक्रवारी येऊन आईला आणि गाडीला, दोघींनाही आपल्या घरी नेणार होती. पण दोन्ही दारांची खालून गंजून चाळण झालेली. असल्या गाड्या बनायच्या बंद होऊन जमाना झाला, तेव्हा दारं शोधायची ती भंगारातच. ड्रायव्हरच्या बाजूचं पहिल्याच फेरीत मिळालं आणि एका दुपारी बसलंही. बाईंच्या बाजूच्या दारानं मात्र मिस्त्रींच्या नाकी नऊ आणले. पहिलं आणलं ते वाकडं म्हणून परत दिलं. दुसरंही वाकडं. हे तिसरं. बिजागरीमागे चकत्या घालून झाल्या, काढून झाल्या, आणि आज गुरुवार उजाडला होता.

मिस्त्रींनी भंगारवाल्याला फोन लावला. "अरे, दारं देतोस का थट्टा करतोस? हेही वाकडंच!"

"तिन्ही दारं वेगवेगळ्या गाड्यांची होती, मिस्त्री," पलीकडून आवाज आला. "तीन गाड्या वाकड्या आणि तुम्ही एकटे सरळ?"

मिस्त्रींनी फोन बाकावर आपटला.

"आधी चहा घ्या, मग चिडा," बाईंनी थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे केला. "जुनं दारही असंच होतं. मी आपली दोन्ही हातांनी धरून हळूच लावायचे, गाडीत मूल झोपलंय असं समजून. तरी हे म्हणायचे, तू आपटतेस म्हणून बिघडलं. सव्वीस वर्षं ऐकलं मी. पाऊस आला की भिजायचे मी, आणि वर बोलणीही मलाच."

"आपटतेस म्हणून? हे कुठून काढलं त्यांनी?"

"अहो, तुम्हीच सांगितलं होतंत ना त्यांना."

"सांगितलं असेन," मिस्त्री चहाचा घोट घेत म्हणाले. "आपटल्यानं दार जातंच, बाई."

चहा संपवून त्यांनी टेप घेतली. भंगारवाल्याच्या तोंडावर पुरावा फेकायचा होता. दाराचा एक कर्ण मोजला, मग दुसरा. दोन्ही सारखे. पुन्हा मोजले. दार सरळ होतं. इतके दिवस त्यांनी दारालाच शिव्या दिल्या होत्या. ज्यात ते बसायचं ती चौकट मोजायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता मोजली. एक कर्ण बोटभर जास्त भरला.

ते गुडघ्यावर बसले आणि चौकटीच्या पुढच्या खांबाचा तळ खरवडू लागले. रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली वेल्डिंगचा जुना जोड. जोडाचं टोक डावीकडे आकड्यासारखं वळलेलं. असा जोड डावखुरा माणूसच संपवतो, आणि आसपासच्या गॅरेजांत डावखुरा मिस्त्री एकच होता.

मग सगळं आठवलं. सव्वीस वर्षांपूर्वी रोपवाल्यांची गाडी भिंतीला घासली होती. मिस्त्रींना चारच्या आत घरी जाऊन टीव्हीवर मॅच बघायची होती. घाईत खांब तिरका जोडला गेला, आणि उसवून पुन्हा जोडायचा कंटाळा म्हणून त्यांनी दारच ठोकळ्यावर ठेवून गुडघ्यानं वाकवलं. वाकड्या चौकटीत वाकडं दार चपखल बसलं. काही दिवसांनी ते खडखडायला लागलं तेव्हा रोपवाले बिचारे विचारायला आले, आणि मिस्त्रींनी वर न बघताच सांगितलं होतं, "घरात कुणीतरी आपटत असेल." मॅच कोण जिंकलं हेही आता आठवत नव्हतं.

ठोकळा समोरच पडला होता. हेही दार तसंच वाकवलं तर अर्ध्या तासात काम होणार होतं. बाईंना कळलं नसतं, लेकीला कळलं नसतं, आणि नावही शाबूत राहिलं असतं. मिस्त्रींनी ठोकळा उचलला, दाराखाली ठेवला, आणि मान वर केली तर बाई त्यांचा रिकामा कप फडक्यानं पुसत होत्या. मिस्त्रींना स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी ठोकळा कोपऱ्यात भिरकावला आणि जोड कापायला घेतला.

जॅक लावून खांब ताणायला, मोजायला आणि नव्यानं जोडायला पाच वाजले. तिसरं दार चढवलं आणि एका बोटानं ढकललं. खट्. हात काढला, तरी तसूभर हललं नाही.

"बाई, इकडे या जरा," ते म्हणाले. कापलेला जुना तुकडा त्यांनी पुढे धरला. "हे माझं काम. तेव्हा मीच वाकडं जोडलं, आणि वर खापर तुमच्यावर फोडलं. तुम्ही कधी आपटलं नव्हतं."

बाईंनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"आता हे मी कुणाला सांगू, मिस्त्री?" त्या म्हणाल्या.

बाई गाडीत चढल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि सवयीनं दोन्ही हातांनी धरून दार हळूच ओढून घेतलं. ते लागलं. मग त्यांनी दार पुन्हा सताड उघडलं आणि अंगातला सगळा जोर लावून आपटलं. बाकावरचा कप खणखणला. दार मात्र जागच्या जागी होतं.

बाईंनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे मान वळवली.

"याला म्हणतात आपटणं," त्या म्हणाल्या.