तिसऱ्या सिलेंडरातली बाई

जानकू भगताला या प्रकरणातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. दर बाजाराला चिमाजीच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा, तीही ऐसपैस. दर अमावास्येला एक कोंबडा. आणि या दोन्हींहून मोठी गोष्ट म्हणजे गेलेली पत.

ती घालवली होती सरूबाईने. तिच्या सोळा वर्षांच्या सोनीला फिट यायच्या. जानकूने दोन वर्षं त्या पोरीला केरसुणीने झोडपलं, मिरच्यांची धुरी दिली. अंगातली हडळ काही हलेना. शेवटी सरूबाई पोरीला घेऊन घोडेगावच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लावून दिली आणि बजावलं, एक दिवसही चुकवायची नाही. त्यानंतर आठ महिने सोनीला फिट आली नाही. केरसुणीला न जमलेलं एवढ्याशा गोळीने केलं हे वाडीने पाहिलं, आणि जानकूच्या दारासमोरच्या चपला कमी होत गेल्या.

वाडी तळेघरच्या वरच्या अंगाला. एसटी तळेघरपर्यंत; तिथून दोन तास पायपीट. वाडीतून चाकं निघायची ती घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी, चिमाजीची. सरकारी लिलावात घेतलेली जुनी पेट्रोलची जीप होती ती. बाजाराच्या पहाटे तो जीप धुवायचा, बॉनेट उघडायचा आणि कळमजाई देवीच्या झऱ्याचा भरला तांब्या इंजिनावर ओतायचा. गाडी घेतल्यापासूनचा नेम. "आपुन बिनआंघोळीचं देवळात जातो का? मंग इंजिनानं का जावं?" असं त्याचं म्हणणं.

शहाण्णवची दिवाळी सरली आणि पुढच्याच बाजाराला जीपने नाटक केलं. आत सतरा माणसं, नाचणीची पोती, दोन शेळ्या. पहिल्या चढाला इंजिन फट्-फट्-फुस्स करू लागलं, सगळी गाडी उचकी लागल्यासारखी हलू लागली. चिमाजीने बॉनेट उघडलं, डोकं खाजवलं.

जानकू हातात धुपाटणं घेऊन उतरला. बाजाराला निघालेला माणूस पेटतं धुपाटणं कशाला घेऊन निघतो, हे कुणी विचारलं नाही. त्याने बॉनेटमध्ये वाकून नाक फेंदारलं.

"चिमाजी, चार सिलेंडर म्हंजी चार दिशा. तीन मोकळ्या हायेत. तिसरीत बाई बसलीय."

"कोन बाई?"

"गाडीतलीच. हडळ घरात पाळायची आन् वर गोळ्या चारायच्या, असली." त्याने मागे बघितलंही नाही. "उतरवा तिला. मंग बघा."

सगळ्यांच्या माना सरूबाईकडे वळल्या. पदराच्या गाठीत गोळ्यांचं रिकामं पाकीट बांधून ती मागच्या फळीवर बसली होती.

"मी काय केलं रं, जानकूभाऊ?"

"तू न्हाई. तुझ्यासंगं येतीय ती."

मागच्या फळीवर सरूबाईशेजारीच ज्योत्स्नाबाई बसल्या होत्या. वाडीच्या शाळेवर येऊन त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. माहेर आळ्याचं, वडिलांचं, सोमनाथ मिस्त्रींचं, आळेफाट्यावर गॅरेज होतं. वडिलांना बॅटरीचा उजेड दाखवता दाखवता या मुलीने इंजिनाची दुखणी ओळखायला शिकून घेतली होती. पहिल्या उचकीलाच त्यांना कळलं होतं, की एक सिलेंडर मिसिंग करतोय, म्हणजे पेटच घेत नाही; करंटच्या वाटेत पाणी गेलंय.

"चिमाजीभाऊ, इंजिन ओलं झालंय. फडक्यानं पुसा," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमी शाळा बघा," पुढून कुणीतरी म्हणालं. "तुमच्यात देव मानत न्हाईत, आमाला ठाव हाय. आमचं आमाला बघू द्या."

दोन-चारजण हसले. ज्योत्स्नाबाईंनाही याच जीपने घोडेगावला जायचं होतं, याच वाडीत राहायचं होतं. त्यांनी ओठ मिटले. सरूबाई उतरली.

मग जानकूने धुपाटण्यातले निखारे फुलवून इंजिनाच्या कडेला धरले आणि मंत्र सुरू केला. "आली घाटानं, जाईल वाटानं, तिसऱ्या घरची तिसऱ्यात न्हाई, कळमजाई, कळमजाई." पेट्रोलच्या शेजारी तो पाच मिनिटं निखारे फिरवत होता, सतरा माणसं जिवंत राहिली, हा त्या दिवसाचा एकमेव खरा चमत्कार. चिमाजीने चावी फिरवली. इंजिन सुरळीत घुमू लागलं. बायकांनी हात जोडले. सरूबाई धुळीत उभी राहिली आणि जीप निघून गेली.

त्या दिवशी ती चालत तळेघरला गेली, एसटीने घोडेगाव गाठलं, आठवड्याच्या गोळ्या घेऊन दुसऱ्या दिवशी परतली. येताना गुडघा सुजला. पुढच्या बाजाराला जीपमध्ये सरूबाई नव्हती, तरी इंजिनाने तीच उचकी दिली. जानकू तयार होता. "दारात उभी व्हती. जाता जाता नजर टाकली तिनं." म्हणजे गाडीत बसली तरी तीच, न बसली तरी तीच. असा कायदा केला की आरोपी कधी सुटत नाही.

त्याच बाजाराला सरूबाईने रिकामं पाकीट चौघांपुढे धरलं. "येवढं दाखवून गोळ्या आना रं." तिच्या हातचं पाकीट कुणी घेतलं नाही. ज्योत्स्नाबाई तेव्हा दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. जाताना एकदा सरूबाईच्या दारावरून जावं असं त्यांच्या मनात आलं होतं. उशीर होत होता.

त्या परतल्या तेव्हा सोनीच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं. गोळ्या संपल्याच्या चौथ्या दिवशी भाकरी थापताना फिट आली आणि हात चुलीत गेला. शेजारच्या साळुबाईने तिला ओढून काढलं.

"जानकू म्हनत व्हता ते खोटं न्हाई बाई," साळुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "गोळीनं हडळ जात न्हाई. आली का न्हाई परत?"

ज्योत्स्नाबाईंनी सोनीच्या हाताचं सैल झालेलं फडकं नीट बांधलं. मग त्यांनी चिमाजीला निरोप धाडला, की उद्या शाळेपुढे जीप आणा, इंजिन कायमचं बरं करून देते. नाही झालं तर तुमच्या गाडीत पुन्हा बसणार नाही.

कायमचं बरं, या शब्दावर चिमाजी आला. मागोमाग वाडी आली. जानकूही आला, धुपाटण्यासकट.

"आज बाजार नाही. सरूबाई घरी आहे, पोरीजवळ," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "चिमाजीभाऊ, गाडी चालू करा. काही तक्रार?"

"न्हाई. झ्याक चाललीय."

"आता तुमचा तांब्या ओता. नेहमीसारखा."

पाणी पडलं आणि इंजिनाने उचकी दिली. लोक सरूबाईच्या घराकडे बघू लागले. दार बंद होतं.

ज्योत्स्नाबाईंनी करंट बसू नये म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळलेली पक्कड काढली. "हे चार प्लग, या चार वायरी. चालत्या इंजिनाची एकेक वायर काढते. आवाज बदलला तर तो सिलेंडर काम करत होता. बदलला नाही, तर तो आधीच बंद." पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. ती बसवून दुसरी, पुन्हा तेच. तिसरी काढली आणि आवाजात काही म्हणता काही फरक पडला नाही.

"तिसरा," चिमाजी पुटपुटला. "हे तर जानकूबी म्हनला व्हता."

"म्हणणारच. ऐकलंय, मंचरला गॅरेजात होतात. किती वर्षं, जानकूभाऊ?"

जानकू धुपाटण्यातली राख चाळवू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "तीन. माझा मेव्हणा व्हता त्याच्यासंगं."

बाईंनी इंजिन बंद करायला सांगितलं. जिथून चारही वायरी निघतात ती काळी टोपी काढून त्यांनी चिमाजीच्या हातावर ठेवली. तिसऱ्या वायरीच्या बुडाशी केसाएवढा तडा होता. "हा दिवाळीच्या सुमारास गेला असणार, आणि जानकूभाऊंनी तो आधीच हेरला असणार. त्याआधी वर्षानुवर्षं पाणी ओतलंत, चाललं. आता पाणी तड्यात शिरतं आणि करंट प्लगला जायच्या ऐवजी ओलीतून पळतो. जानकूभाऊंचे निखारे ती ओल सुकवतात. मी फडक्यानं सुकवते. मुलांनो, मंत्र म्हणा."

"कोणता, बाई?"

"बेचा पाढा."

बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत टोपी आतून-बाहेरून कोरडी झाली. ती बसवली, चावी फिरली, इंजिन घुमलं. पुन्हा पाणी, पुन्हा उचकी. पुन्हा पाढा, पुन्हा सुरळीत. दोन्ही खेपांना कुणी हात जोडले नाहीत.

"म्हंजी येवढंच व्हतं?" चिमाजी म्हणाला.

"एवढंच. नवी टोपी बसवा, इंजिनावर पाणी ओतू नका."

"आन् सोनीची फिट?" साळुबाईने विचारलं.

"गोळ्या होत्या तोवर आली नाही. आपण गोळ्या तोडल्या, चौथ्या दिवशी आली. याचा अर्थ लावायला भगत लागतो का?"

उन्हं चढली होती, माणसं कामाला गेली.

वाचकहो, तुमच्या दारात जीप नसेल, स्कूटर असेल, पाण्याची मोटार असेल. बंद पडली तर झाकण उघडा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते बघा. यंत्राला हडळ लागत नाही. आणि कुठल्याही यंत्रासाठी माणसाला खाली उतरवू नका. माणसाला नवी टोपी मिळत नाही.

आता या प्रकरणाची कुणी काय किंमत भरली ते. चिमाजीने एक टोपी भरली. जानकूने काहीच नाही. त्याची पुढची जागा आजही कायम आहे, कारण न जाणो, हडळ असलीच तर. वाडीने सरूबाईला मागच्या फळीवर बसू दिलं आणि त्यालाच माफी मागणं समजून घेतलं. ज्योत्स्नाबाई पहिल्या दिवशी एक वाक्य बोलून गप्प बसल्या होत्या. दुसरं वाक्य बोलायला त्यांनी जे दिवस लावले, तेही सोनीच्याच नावावर पडले. सोनीच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली. भाकरी ती आता डाव्या हाताने थापते.