मातामायची आण

“रुपाले तुमी मारलं, साहेब.”

म्हातारी सुईण भागीरथा हे इतक्या सरळ आवाजात बोलली की ग्रामपंचायतीच्या पंख्याखाली बसलेल्या तालुक्याच्या आरोग्य-साहेबांना आधी ते कळलंच नाही. त्यांनी विचारलं होतं वेगळंच. परवा अमरच्या घरी त्याची बहीण प्रेरणा बाळंत झाली, तेव्हा तू तिच्या अंगाला हात का लावलास, एवढाच त्यांचा सवाल होता.

“काय म्हणालीस?”

“आयकू आलं तुमाले.”

भैय्याजी मध्ये पडला. गावातलं किराणा दुकान त्याचं आणि सरपंचपद त्याच्या बायकोचं, म्हणजे दोन्ही त्याचंच. “माय, भलतंच काऊन बोलून राह्यली? रुपाले जाऊन वरीस झालं. साहेब प्रेरणाचं विचारून राह्यले. गावात घरी एकबी बाळंतपण नाई म्हून बक्षीस भेटनार होतं. बोर्ड रंगून आला ना! आता त्याले काय मी चाटू?”

भागीरथाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती साहेबांच्या खुर्चीमागे पाहत होती. तिथे भिंतीला पाठ टेकून रुपा बसली होती. अमरची बायको. मेलेली.

रुपा बोलत नसे. वर्षभर ती अशीच यायची, भर दुपारी, उन्हात कुत्रंही हलत नाही तेव्हा. ओल्या साडीत, गुडघे फाकवून बसायची. भागीरथा कणीक मळायला बसली की परातीतली कणीक रुपाचं पोट व्हायची. सैल, कोमट. एकदा तिने परात अंगणात भिरकावली. त्यानंतर कणकेला हात लावणंच सोडलं. सुनेला वाटलं, म्हातारीची बोटं गेली.

त्या बोटांना काही धाड भरली नव्हती. सासूने, मनकर्णाबाईने, ती घडवली होती. आधी शेळ्यांवर, मग बायांच्या पोटावर, तेही भागीरथाच्या डोळ्यांवर पदर बांधून. “डोये लबाड असतेत, हातानं पाह्य,” म्हणायची. पुढे सरकारनेही शिकवलं. सेलूला बोलावलं, नखं कापून घेतली, कापडाच्या पोटातून कापडाची बाहुली काढायला लावली, साबण-दोरा-पात्याचा डबा दिला, फोटो काढला. मूल झाल्यावर पोट मऊच राहिलं तर घट्ट होईपर्यंत चोळा, नाहीतर बाई रक्ताने जाते, असं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तेव्हा भागीरथाला हसू आलं. सासू आणि मॅडम, दोघींचं चांगलं जमलं असतं.

मग हुकूम फिरला. बाळंतपण दवाखान्यातच. त्यालाही भागीरथाची ना नव्हती. बाई अडणार असं हाताला लागलं की सेवाग्रामला न्या म्हणून ओरडणारी पहिली तीच. पण साहेबांचं तेवढ्याने भागेना. गोंडाची म्हातारी कागदाला भीत नाही, देवाला भिते, असं भैय्याजीने त्यांच्या कानात सांगितलं. मग या शिकल्या-सवरल्या माणसाने तिला गावाच्या शिवेवर मातामायच्या ठाण्यावर नेलं, शेंदराच्या दगडावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं, की यापुढे कोणत्याही बाळंतिणीच्या अंगाला हात लावणार नाही. जाता जाता हसत म्हणाले, “आण मोडलीस तर पाप तुला नाही, त्या लेकराला लागेल.”

आरोग्याच्या कोणत्या पुस्तकात हा धडा आहे?

रुपाचे दिवस भरले तेव्हा दवाखान्याची गाडी ‘निघाली’ होती. फोन लावला की गाडी निघालेलीच असते. शेवटी अमरने ऑटो आणला. भागीरथा सोबत बसली. नाल्याच्या पुलाशी मूल झालं. पोरगी रडली, चांगली खणखणीत रडली. मग रुपाच्या खालचं पोतं लाल होत गेलं. भागीरथा दोन्ही हात काखेत दाबून बसली. रुपा तिचं मनगट ओढत होती.

“माय, लाव ना हात. माय!”

पोरगी समोर जिवंत होती. आण मोडली तर ती जाणार, हे भागीरथाला सूर्याइतकं खरं होतं. तिने हात काढला नाही. रुपा रस्त्यात गेली. बाळंतपणही रस्त्यातलं, घरचं नाही, म्हणून गावाच्या नावाला डाग लागला नाही. बोर्ड रंगायला गेला.

परवाही गाडी निघालेलीच होती. प्रेरणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. अमर भागीरथाच्या दारात उभा राहिला, रुपाची पोरगी कडेवर.

“चाल, माय.”

“आण हाये रे बापा.”

“मंग येऊन नुसती पाहत बसजो. पाहाची तं सवय हाये तुले.”

भागीरथा उठली. उंबऱ्यात उभी राहून तिने शिवेकडे तोंड केलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली, “मातामाय, माराचं तं मले मार! लेकराच्या वाटी गेली तं तू माय नोहे!”

अमरच्या घरी जाऊन तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मूल आलं. पोट सैल पडलं, रक्त सुटलं. ती चोळू लागली. तेवढ्यात तिच्या हातावर दुसरा हात आला. गार, ओला. तो तिच्या हातासोबत दाबत राहिला, पोट घट्ट होईस्तोवर. खोलीतल्या दुसऱ्या कुणाला तो दिसला नाही. गाडी मागून आली. प्रेरणा आणि तिचा मुलगा दवाखान्यात धडधाकट आहेत.

आणि चौकशी या बाईची.

“गुन्हा दाखल करता येतो मला,” साहेब म्हणाले. “पण म्हातारी आहेस. जीप उभी आहे. चल, मातामायवर पुन्हा हात ठेव, विषय संपला.”

“ठेव ना माय,” भैय्याजी म्हणाला. “दगडच तं हाये.”

“दगडच हाये तं मले काऊन नेऊन राह्यला?” ती उठली. “चाला.”

जीपमध्ये ती बसली नाही. पायी गेली. मागे अमर आला, बाया आल्या. ठाण्याशी साहेबांनी बूट काढले, मोजे नाही काढले. भागीरथाने पदराने दगडावरची धूळ पुसली. दगडापलीकडे रुपा बसली होती, आणि आज ती भागीरथाकडे पाहत नव्हती. साहेबांकडे पाहत होती.

“मी ठेवीन,” भागीरथा म्हणाली. “पयले तुमी ठेवा. बाई अडली अन् फोन गेला तं गाडी येईनच, म्हना. नाई आली तं पाप कोनाच्या लेकराले लागन, तेबी म्हना.”

साहेबांनी भैय्याजीकडे पाहिलं. भैय्याजी कडुलिंबाच्या शेंड्याकडे पाहू लागला.

“त्याच्या तोंडाकडे काय पाहता? रुपा आयकून राह्यली. ठेवता का नाई हात? बोला!”