मी मोजलेली घाई

मी स्टॉपवॉच बोलतोय. आवाज थरथरतोय ना? आज दुपारी जे ऐकलं, त्यानं माझा काटा अजून थाऱ्यावर नाही.

प्राध्यापकबाईंनी मला घेतलं ते तान्ह्या लेकीच्या दुधाच्या वेळा मोजायला. पहिलटकरीण, त्यात अर्थशास्त्राची! त्यांची आई म्हणायची, "अगं, काटा बघून पोरीचं पोट भरतं का? तिच्याकडे बघ." लेकीला मात्र मी आवडायचो. पहिला दात तिनं माझ्याच कडीवर पाजळला.

मग बाईंनी मला कामाला जुंपलं. कपड्यांच्या कारखान्यातला इस्त्री विभाग. वाफेनं भिंतींना घाम, बायकांना त्याहून जास्त. दिवसाला किती शर्ट म्हणजे पुरेसं काम, हे एकदा ठरलं की तेवढ्यावर मालकाला पूर्ण रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यावीच लागेल, हा बाईंचा ध्यास. बायका इस्त्री फिरवायच्या, मी धावायचो, बाई लिहायच्या.

अहवाल गाजला. बाई सरकारी समितीवर गेल्या आणि माझ्याच आकड्यांवर नियम झाला. टाळ्या पडल्या तेव्हा मी पिशवीत, लेकीच्या लाळेऱ्याखाली, फुगून बसलो होतो.

आज बाई पुन्हा कारखान्यात गेल्या. शाबासकी ऐकायलाच म्हणा ना! पाहतात तर जेवणाची वेळ टळून गेली तरी डबे न उघडलेले, आणि तिथल्या सगळ्यात जुन्या मावशींचं मनगट पट्टीत.

"मावशी, आता पूर्ण रोज मिळतो ना?"

"तुमच्या घड्याळाएवढं उरकलं तर! जेवण सोडलं तरी उरकत नाही. मग पैसे कापतात."

"अहो, पण तो वेग तुमचाच होता!"

"तो काय रोजचा होय? तुम्ही पाहुण्या, अंगावरचं लेकरू घरी टाकून आलेल्या. तुमच्यासमोर रेंगाळायचं? म्हटलं, बाईंचं काम चांगलं होऊ दे."

"तुम्ही गेलात आणि मी आडवीच झाले," पलीकडची म्हणाली. सगळ्या खळखळून हसल्या.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आणि माझ्या? मी एकदाही चुकलो नव्हतो हो! सगळं बरोबर मोजलं, आणि मोजलं काय, तर आदरातिथ्य.

बाईंनी तिथूनच समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "साहेब, नियम थांबवा. माझा अहवाल चुकलाय."

"मागे घेतलात तर यापुढे कोण विचारणार तुम्हाला?"

"नका विचारू. पण आधी थांबवा."

आता मी इस्त्रीच्या टेबलावर पडून आहे, बंद. नियम थांबेल की बाईंचंच काम, कुणास ठाऊक. बाई स्टुलावर बसल्यात. मावशी शर्ट पसरतात, मनगट चोळतात, घोटभर पाणी पितात, शेजारणीला टोमणा मारतात, मग इस्त्री उचलतात.

बाईंचा हात सवयीनं माझ्याकडे आला होता, मध्येच थांबला. आज पहिल्यांदाच त्या माझ्याकडे नाही, मावशींकडे बघताहेत.

बाई, एवढी विनंती ऐका. मला इतक्यात उचलू नका.