अंडं-हळद

तिसऱ्या अंड्याचा बलक फुटला आणि त्याची पिवळी रेघ वाटीतल्या पांढऱ्यात उतरली. लतिका ती चमच्याने काढू लागली, तोच विनयने हातातला कॉकटेलचा स्टीलचा शेकर तिच्या मनगटावर हाणला. मग त्याच जागी पुन्हा एकदा.

"बलकाचा थेंब गेला की फेस धरत नाही. किती वेळा सांगायचं?"

आवाज चढवायची त्याची पद्धत नव्हती. शेजारीपाजारी त्याचं नाव चांगलं होतं. लतिका फरशीवर बसली, तसं त्याने केसांना धरून तिला उभं केलं आणि तिच्या डाव्या हातात नवं अंडं दिलं.

"मॅडम येऊनच राहिल्या आहेत. तो उजवा हात पदराखाली ठेव."

हे चाललं होतं मागच्या व्हरांड्यात, कारण सासूबाई शर्मिलाबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं येत नसे. त्याची कढई, वाटी, चमचा, सगळं बाहेर. शर्मिलाबाईंना अंड्याच्या टरफलाचा विटाळ व्हायचा, मुलाच्या हाताचा मात्र कधी झाला नाही. लतिकाला सर्वांत जास्त चीड याचीच होती. दिवाळीत तिचा भाऊ जवळच्या पाटनहून धावत आला, तेव्हा याच बाई त्याला म्हणाल्या होत्या, "घसरली बिचारी." भाऊ परत गेला. या घरातल्या एका तरी माणसाने एकदा खरं सांगावं, एवढंच तिला हवं होतं. आत्ताही सासूबाई जाळीच्या दाराआड उभ्या होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

नेहा देशकर नागपूरहून बदलून जबलपूरला आलेली विनयची साहेब. विनयची बढती तिच्या शेऱ्यावर होती आणि तिला व्हिस्की सावर आवडते, हे त्याने शोधून काढलं होतं. दिवाणखान्यात त्याने तिच्यासमोर व्हिस्की, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्याचा पांढरा भाग शेकरमध्ये घातला. आधी बर्फाशिवाय हलवलं, मग बर्फ टाकून. शेकरच्या कडेला लतिकाच्या बांगडीचा ताजा चरा होता. ग्लासात दोन बोटं फेस आला.

"वा," नेहा म्हणाली. "अगदी हॉटेलसारखी."

लतिका मूगडाळीच्या मंगोड्यांची बशी डाव्या हाताने पुढे करत होती. पदर सरकला. मनगट टम्म सुजून निळं पडलं होतं.

"अगं, हे काय झालं?"

"बाथरूममध्ये घसरली," विनय हसत म्हणाला. "आई, सांग ना यांना."

शर्मिलाबाई आतून आल्या त्या वाटी घेऊन. वाटीत उरलेले बलक होते, हळदीत कालवलेले, आणि त्यांची बोटं पिवळी झाली होती. लतिका बघतच राहिली. त्या तिच्याशेजारी बसल्या, तिचा हात मांडीवर घेतला आणि लेप लावू लागल्या. अंगठ्याच्या मुळापासून वर, कुठेही न दुखवता.

"आई, काय करून राहिली? अंडं आहे ते!"

"माहीत आहे. मुक्या माराला हेच लागते."

"तुम्हाला चांगलं जमतं," नेहा सावकाश म्हणाली.

"याचे बाबा होते तोवर सारखं करावं लागे. घरात अंडं काहून येऊ देत नाही, तर हे सगळे सोवळं समजतात. मला त्या वासानं मळमळते." त्यांनी लुगड्याच्या जुन्या चिंधीचा पट्टा गुंडाळायला घेतला. "कोणी विचारलं, तर मी विहिरीवर घसरली म्हणायची."

ग्लासातला फेस बसत चालला होता.

"आम्ही राहायचो त्या फॅक्टरीच्या क्वार्टरात विहीर नव्हती, मॅडम," त्यांनी गाठ मारली. "अन् ही पण घसरली नाही. यानं मारलं."

लतिकाला इतका वेळ न आलेलं रडू आता आलं.

नेहाने ग्लास न पिता खाली ठेवला.

"माझी गाडी खाली आहे," ती लतिकाला म्हणाली. "आधी डॉक्टरकडे जाऊ. चल."

विनय ताडकन उठला. शर्मिलाबाईही उठल्या आणि त्याच्या नि लतिकाच्या मध्ये उभ्या राहिल्या. हात त्यांनी अजून धुतले नव्हते.