वेत बुडत नाही

मित्रांनो, मी एक जुनी छडी आहे. माझं नाव ऐकूनच तुमच्यातले काही जण हात मागे घेतील. घ्या. आता शाळेत मला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी गाऱ्हाणं सांगायला आलेली नाही. माझ्याकडून जे झालं, तेच तुम्हाला सांगणार आहे.

मी वेताची. शहागंजात खुर्च्या विणणाऱ्या एका कारागिराने उरलेला वेत तासून, तेल पाजून मला तयार केलं. या शहराला तेव्हा सगळे औरंगाबाद म्हणत. मला विकत घेतलं येरूशा झिराडकर बाईंनी. बाई बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहून मराठी झालेल्या यहुदी समाजातल्या. वडील रेल्वेत होते, त्यांच्या बदलीबरोबर त्या इथे आल्या आणि इथेच गणिताच्या शिक्षिका झाल्या.

बाईंच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. हेडमास्तर इतर शिक्षकांना त्यांचं उदाहरण देत. खरं सांगते, मलाही त्याचा ताठा होता. मी नुसती टेबलावर आपटले तरी साठ माना खाली जात.

आठवीच्या सहामाहीत सरफराज नावाच्या मुलाने दोन नळांनी टाकी भरण्याचं गणित सूत्राशिवाय, नुसतं चित्र काढून सोडवलं. शेजारी बसणाऱ्या शिवराजच्या पेपरातही हुबेहूब तेच चित्र होतं. शिवराज संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा, नेहमी पहिला येणारा. कुणी कुणाचं बघितलं, हे बाईंनी विचारलंच नाही. सरफराजला त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं, नक्कलचोर म्हटलं आणि कबूल कर म्हणाल्या.

"बाई, मी नाय केलं," तो म्हणाला.

मी त्याच्या तळहातावर पडले. तो पुन्हा तेच म्हणाला. मी पुन्हा पडले. अकराव्या वेळी त्याच्या उजव्या हाताचं बोट माझ्याखाली मोडलं. तो बारीकसा आवाज वर्गात कुणाला ऐकू गेला नाही. बाईंना गेला आणि मला गेला.

दुसऱ्या दिवशी सरफराजची जागा रिकामी होती. तो शाळेत परत आलाच नाही.

आठ दिवसांनी बाईंनी शिवराजला एकट्याला बोलावून तेच गणित घातलं. त्याला चित्राची पहिली रेघसुद्धा काढता येईना. बाई काय ते समजल्या. पण त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि अध्यक्षांच्या दारी जाऊन हे सांगायची छाती झाली नाही. त्या गप्प बसल्या. मला घरी नेऊन त्यांनी कपाटावर टाकलं आणि पुन्हा कुणावर उगारलं नाही. लोक म्हणाले, बाई मवाळ झाल्या.

कपाटावरून मी चौतीस वर्षं बाईंना पाहिलं. भेंडी कोवळी आहे का, हे शेंडा मोडून बघायचं त्यांनी सोडून दिलं. तो आवाज त्यांना सोसवत नसे. दारावर येणाऱ्या भाजीवाल्या सरूबाईला वाटे, बाईंना भेंडीच आवडत नाही. वह्या तपासताना पेन्सिलीचं टोक मोडलं तरी त्या दचकत. नोकरी कायम झाली, पुढे निवृत्तीही आली; शाळेने शाल आणि नारळ दिला. त्या दिवशी घरी येऊन त्या कपाटासमोर कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. शाल घडी मोडायच्या आधीच पेटीत गेली.

बाईंच्या समाजात नव्याच्या सणापासून, म्हणजे नव्या वर्षापासून, दहा दिवस मन तपासायचे असतात. दहावा दारफळणीचा सण. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, उपास करायचा आणि देवाकडे क्षमा मागायची. बाई दरवर्षी मागत. पण वडिलांनी लहानपणी सांगितलेलं त्यांना विसरता येत नव्हतं : देवाचं जे बिघडवलंस ते देव माफ करील, माणसाचं बिघडवलंस तर आधी त्या माणसाच्या दारात जा, त्याच्या वतीने देव माफी देत नाही. बाई दार लावून बसत आणि मनात त्या मुलाला घेऊनच बसत.

अलीकडेच एका वर्षी, नव्याचा सण होताच, त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि पैठणची एसटी धरली. पापं पाण्यात सोडायची रीत त्यांच्यात आहे. तिथल्या धरणाचा नाथसागर तुडुंब भरला होता. बाईंनी प्रार्थना म्हटली आणि मला लांब फेकलं.

मला वाटलं, सुटले. पण मित्रांनो, वेत बुडत नाही. वारा काठाकडे वाहत होता. लाटांनी मला हळूहळू ढकलत आणलं आणि बाईंच्या पायांशी ठेवलं. त्यांनी पुन्हा फेकलं. मी पुन्हा आले. तिसऱ्यांदा त्यांनी फेकलं नाही. पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने त्या खाली बसल्या आणि पदराने मला पुसू लागल्या.

घरी येताच त्यांनी गल्लीतल्या सत्यभामाला गाठलं. ती त्याच वर्गातली. सरफराजचं पडेगावला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, हे तिला माहीत होतं.

मला पिशवीत घेऊन बाई तिथे गेल्या. पहिल्या दिवशी सरफराजने बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी हात जोडून सगळं सांगितलं. तो तारेचं वेटोळं उलगडत राहिला. जुनं झालं, जाऊ द्या, म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. ही माफी नाही, हे बाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या घरी गेल्या, तर तो भेटलाच नाही. त्याची बायको खुशनुमा दारात आली. लग्नात त्याने बोट दारात चेंगरल्याचं सांगितलं होतं. खरं तिला काल कळलं होतं. तिनेही बाईंना आत बोलावलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र तो बोलला.

"बाई, माफी हितं दुकानात कशाला मागता? मला साठ पोरांसमोर चोर म्हणलं. त्यातल्या एकालातरी खरं सांगितलं का तुम्ही?"

तीनदा मनापासून माफी मागायला गेलं की माणूस सुटतो, असं बाईंच्या धर्मात म्हणतात. बाई त्या क्षणी सुटू शकत होत्या. त्यांनी सत्यभामाला फोन लावला आणि त्या वर्गातल्या जितक्यांना गाठता येईल तितक्यांना बोलवायला सांगितलं.

रविवारी जुन्या वर्गात बारा जण जमले, सगळे पन्नाशीला टेकलेले. सरफराज सगळ्यांत शेवटी आला आणि दारालगतच्या बाकावर बसला. बाईंनी मला टेबलावर ठेवलं. मग त्या सरळ उभ्या राहून बोलल्या.

"सरफराजने ते गणित स्वतः सोडवलं होतं. आठ दिवसांत मला ते कळलं. मारलं ते रागाच्या भरात. गप्प बसले ते मात्र पूर्ण शुद्धीवर असताना. ते पाप मारण्यापेक्षा मोठं आहे."

मग नक्कल कुणाची, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी नाव घेतलं नाही. त्याचं त्याच्यापाशी, मी माझं सांगायला आले आहे, एवढंच म्हणाल्या.

सत्यभामा रडत होती. मार बसला त्या दिवशी सरफराज तिच्या बाकापासून दोन हातांवर उभा होता, आणि तीही गप्प बसली होती. सरफराज उठला. त्याने मला उचललं. त्याची चार बोटं माझ्याभोवती मिटली. पाचवं ताठच राहिलं. माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधीच वाटली नाही. त्याने मला खाली ठेवलं.

"माफ केलं असं आज तोंडातून निघत नाय, बाई," तो म्हणाला आणि निघून गेला.

दारफळणीच्या दिवशी बाईंनी दार लावलं, उपास केला. त्या दिवशी त्या पुष्कळ रडल्या. पण प्रार्थनेत अडखळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, एकमेकांकडे जायचं. बाईंकडे येणारं कुणी नव्हतं. दुपारी दार वाजलं. सरफराज होता आणि त्याच्यामागे दप्तर घेतलेली त्याची मुलगी गुलशन.

"आठवीला हाय. गणितात लई मागं पडली. मी तिला शिकवायला कधी बसलोच नाय, वही उघडली की तो दिवस आठवतो. तुम्ही शिकवाल का?"

मला भीती वाटते, बाई म्हणाल्या.

"मलाबी वाटती. म्हणून मी हितं उंबऱ्यावर बसतो."

तो खरोखरच बसला. गुलशनने पहिलंच गणित चुकवलं. बाईंचा हात टेबलावर पुढे सरकला. उंबऱ्यावरून सरफराजने मान वर केली. बाईंनी पेन्सिल उचलून मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू हे कसं केलंस, ते मला समजावून सांग. मी ऐकते."

मित्रांनो, मी अजून कपाटावर आहे. मला मोडू नका, पाण्यात टाकू नका. माझ्यासारख्या वस्तूंना मोडून काही मिटत नाही. तुमच्याकडून कुणी दुखावलं गेलं असेल तर आज त्याच्या दारी जा. तो दार उघडेलच असं नाही. तरी जा, आणि ज्यांच्यासमोर दुखावलं त्यांच्यासमोरच खरं बोला. माझ्या बाईंनी चौतीस वर्षं लावली. सरफराज दर गुरुवारी येतो. अजून उंबऱ्यावरच बसतो. पण परवा त्याने चहा मागून घेतला.