उलटे चेहरे

"स्किन ताणून धरा, ताई," दातातला दोरा न सोडता रसिका म्हणाली.

गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकून पडलेलं, रसिका त्याच्या डोक्यामागे उभी. इथून माणसाचा चेहरा उलटा दिसतो. हनुवटी वर, कपाळ खाली. उलटा चेहरा रागावत नाही. म्हणून तर कोपर स्टेशनजवळच्या या पार्लरमध्ये ती टिकली होती. भुवया झाल्या की बाई उठून बसायची, समोरच्या आरशात चेहरा सुलटा व्हायचा आणि रसिकाला वाटायचं: ही माझ्यावर उखडलीय. हिला माझा काटा काढायचाय. ती झटकन मान खाली घालून खुर्ची झाडायला घ्यायची.

वेड्याला जग घाबरतं, असं जो तो सांगतो. वेडं माणूस जगाला किती घाबरतं, हे विचारायला कोणाच्या बापाला वेळ आहे?

डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव दिलेलं. रात्रंदिवस शिव्या घालणाऱ्या कानातल्या बायका गोळ्यांनी गप्प झाल्या, हे खरं. पण चेहऱ्यांचं काही सुटलं नाही. इस्पितळात एका शिकाऊ डॉक्टरणीने फोटो दाखवून विचारलं होतं, याला काय वाटतंय? रसिका म्हणाली, राग आलाय.

"नाही हो. हा साधा चेहरा आहे. याला काहीच वाटत नाहीये."

"मग तो माझ्याकडे असा का बघतोय?"

 डॉक्टरणीने पुढचा फोटो काढला.

वर त्याच गोळ्यांनी रसिकाचं स्वतःचं तोंड लाकडी करून ठेवलं. ओठांची टोकं खाली ओघळली. हसायला जावं, तर गाल हलेनात.

गेल्या आठवड्यात श्रिया, तिची दुसरीतली पोर, शाळेतून आली आणि दारात उभी राहून नुसती बघत राहिली. त्या चेहऱ्यावर रसिकाला असा द्वेष दिसला, की तिने स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं. बाहेर पोर दार बडवून रडत होती. नवरा, विनीत, घरी आला तेव्हा कुठे कडी निघाली. त्याने आरडाओरडा केला नाही. पण आज संध्याकाळच्या गाडीने तो श्रियाला गुहागरला, आपल्या आईकडे नेऊन ठेवणार होता. तिथल्या शाळेशी बोलणंही झालेलं. पोरगी घाबरते गं तुला, एवढंच तो म्हणाला. मीच पोरीला घाबरते, हे रसिका कुठल्या तोंडाने सांगणार?

"रसिका, लेक आलीय बघ तुझी," पार्लरची मालकीण स्वप्ना म्हणाली आणि भुवया झालेल्या बाईला सोडायला बाहेर गेली.

श्रिया दारात, जायच्या आधी भेटायला आलेली. भुवया जवळ आलेल्या, ओठ दाबलेले. तोच चेहरा.  पार्लरच्या मागच्या मोरीला कडी होती. तिचं एक पाऊल मागे गेलंच.

"आई, तू अजून रागावलीयेस?"

रागावलीय? कोण, मी? रसिकाने आरशात पाहिलं. ओघळलेल्या तोंडाची एक बाई तिच्याकडे बघत होती. तिला बघून कोणतंही पोर घाबरलं असतं.

"खुर्चीत बस," ती म्हणाली. "मान टाक मागे."

"माझ्या आयब्रो करणार?"

"टाक तर."

श्रियाने मान टाकली. चेहरा उलटला. मघाचा द्वेष कुठे गेला, कळलं नाही. राहिले नुसते दोन डोळे आणि त्यांतून कानांकडे निघालेलं पाणी. पाण्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही. रसिकाने कापूस घेतला. कानांजवळचं पाणी टिपलं.

पोर खालून टक लावून बघत होती.

"आई, इथून बघितलं ना, की तू हसतेस."

काचेचं दार वाजलं. आत विनीत, खांद्याला पोरीची बॅग. रसिकाने त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"बस जरा बाकावर," ती म्हणाली. "हिचं चालू आहे."